क्रीम रंगाची सीट

लोधीपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर तो मला रोज भेटतो. गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. माणूस समोर आला की आधी त्याच्या चपलेकडे बघतो, मग ठरवतो 'सर' म्हणायचं की 'काका'. वाक्यागणिक 'समझो ना' म्हणतो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, म्हणून मी 'सर'.

परवा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याच्या शोरूममधली नवी महागडी सेडान दाखवायला नेलं. आबांची फोपनार गावी केळीची बाग. धुतलेल्या सदऱ्यावरही चिकाचे काळे डाग होते. ते डाग कशानंच जात नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक, कारण तोही तिकडचाच. तरी चावी माझ्या हातात देऊन त्यानं मागच्या सीटवर पेपर अंथरला.

"काका, सीट क्रीम कलरची आहे, समझो ना."

"पेपर काढ आधी!" मी भडकलो.

"राहू दे रे," म्हणत आबा पेपरवर अंग चोरून बसले.

गाडी खरंच लोण्यासारखी चालली. एक खड्डा जाणवला नाही. मला मात्र आरशात आबाच दिसत होते, पाठ न टेकता बसलेले.

परतल्यावर त्यानं बुकिंगचा फॉर्म माझ्यापुढे धरला.

"गाडी हे घेणार आहेत," मी म्हटलं. "मी नाही."

तसा तो झटकन वाकून आबांच्या पाया पडला. पेपर अंथरला तेव्हाही मला एवढा राग आला नव्हता.

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा, बाळा," म्हणाले. "गाडी आम्ही दुसरीकडं बघू."