जंभेरीवरचा पहारा

सासऱ्यांवर माझा पहिला संशय गेला तो त्यांच्या बोटांच्या वासावरून. सकाळी चहाचा कप हातात देताना मला लिंबाचा वास आला. नुसत्या लिंबाचा नाही, त्यात काहीतरी उग्र, नाकात चढणारं मिसळलेलं होतं, आणि ते मी लहानपणापासून ओळखत होते. लिंबावरच्या अळीला बोट लागलं की ती डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि हा वास सोडते. घरात तर त्या आठवड्यात लिंबू आलंच नव्हतं. मी चहात साखर बरोबर आहे का एवढंच विचारलं आणि आत गेले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सक्करदऱ्याला तलावापासून जवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घर लहान होतं, पण मागचं अंगण मोठं होतं आणि घरमालक तिकडे कधी फिरकत नसे. माझं माहेर कन्हानचं. तिथे शाळेच्या वयापासून मला अळ्या पाळायची खोड लागली होती. रुईवरच्या पट्टेवाल्या, कढीपत्त्यावरच्या हिरव्या, कण्हेरीवरच्या, मिळेल ती अळी मी बरणीत घालायची, वर मलमलचा तुकडा बांधायची, रोज ताजी पानं द्यायची आणि लेंड्या झाडून काढायची. मग अळी एके दिवशी खाणं सोडते, काडीला स्वतःला टांगून घेते आणि कोष होतो. पुढचं सगळं वाट पाहणं. लग्नात माझ्याबरोबर कपड्यांची ट्रंक आली तशी ही खोडही आली. नवऱ्याने एकच अट घातली, की माझ्या बरण्या त्याच्या दाढीच्या सामानाशेजारी ठेवायच्या नाहीत. शेजारच्या काकूंना मात्र ते पटत नव्हतं. चांगल्या घरची सून किडे कशाला पाळते, याचं त्यांना कोडं होतं, आणि लोणच्याची वाटी परत करायच्या निमित्ताने त्या माझ्या बरण्यांवर नजर टाकून जात.

अंगणात मला सगळ्यात प्रिय होतं ते जंभेरीचं, म्हणजे रानलिंबाच्या जातीचं, झाड. झाड कसलं, माझ्या खांद्याएवढं रोप. सासऱ्यांनीच ते दोन वर्षांपूर्वी गावाहून येताना ओल्या पोत्यात मुळं गुंडाळून आणलं होतं. मागं लाव, कामी येईल, एवढंच म्हणाले होते. मी ते माझ्यासाठी आणलं असं समजले, खड्डा खणला, उन्हाळाभर धुण्याचं शेवटचं पाणी घातलं. त्याला कोवळी पालवी फुटली की काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेली फुलपाखरं हमखास यायची, पालवीवर टेकल्यासारखी करून राजगिऱ्याच्या दाण्याएवढं अंडं चिकटवून जायची. त्यातून निघणारी अळी आधी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. जाणकार नसेल तर कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नाही.

सासरे जाणकार होते, तिथेच सगळी अडचण होती. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. जंभेरीच्या खुंटाच्या सालीत संत्र्याचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, बांधून रोपं करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्या रोपांची पानं फस्त करणारी हीच ती अळी. म्हणजे माझ्या अळ्यांचा हाडवैरी पावसाळा संपता संपता पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे कायमचा राहायला आला होता. गुडघे दुखतात, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. बागेवर कोळशी रोग पडला होता, विहीर तळाला गेली होती, आणि त्यांच्या धाकट्या भावाने दिवाळीनंतर सगळी झाडं खोदून तिथे कापूस लावायचं ठरवलं होतं. सासऱ्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सासूबाई जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते.

ते आले आणि माझ्या अळ्या कमी व्हायला लागल्या. आधी मी बुलबुलांवर आळ घेतला, मग गांधीलमाश्यांवर, मग शेजारच्या काकूंवर. पण पक्षी असे निवडून खात नाहीत. रुईवरची एकही अळी हलली नव्हती, कढीपत्त्यावरच्या सगळ्या जागेवर होत्या. जात होत्या त्या फक्त जंभेरीवरच्या. आणि मग तो बोटांचा वास आला.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तू पोलीस खात्यात जायला हवी होतीस. मला हसू आलं नाही. त्या घरातली भांडी सासूबाईंची होती, खोल्या घरमालकाच्या, पगार नवऱ्याचा. त्या अळ्या तेवढ्या माझ्या होत्या. मी पहारा ठेवायला लागले. पोळ्या लाटताना खिडकीतून अंगण सरळ दिसायचं. सासरे सकाळी दात घासत जंभेरीपाशी जायचे, पाठ माझ्याकडे करून उभे राहायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. पाठीमागून मला फक्त त्यांचा कोपर हलताना दिसायचा.

दिवाळी सरली आणि संशयाला एकेक जोड मिळत गेली. एक दिवस ते पायरीच्या दगडावर पाणी टाकून चाकूला धार लावताना दिसले. कशाला, म्हणून विचारलं तर नखं काढायची म्हणाले. नखं काढायला एवढी धार? मग ते कुणाला न सांगता सकाळच्या बसने गावाला गेले आणि संध्याकाळी परतले ते पिशवीत एक ओलं फडकं घेऊन. मी पिशवी आत ठेवायला हात पुढे केला तर त्यांनी ती छातीशी धरली. दुसऱ्या दिवशी काकू विचारायला आल्या की आमच्या केळीच्या खोडाचा सोप कुणी सोलून नेला. मी माहीत नाही म्हटलं, पण माझी नजर अंगणात गेली. तिसऱ्या प्रहरी सासरे झोपल्यावर मी जंभेरीपाशी जाऊन वाकले. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला केळीच्या सोपाची पट्टी घट्ट आवळून बांधलेली होती.

माझं डोकं तडकलं. शेतकरी माणूस, त्याला पन्नास विषं ठाऊक. खोडातून औषध चढवून अळ्या वरच्या वर मारायची ही काहीतरी युक्ती असणार, अशी माझी खात्री झाली. मी घरातून कात्री आणली आणि पट्टीला लावली.

"हात लावू नको, सूनबाई."

सासरे मागच्या दारात उभे होते. झोपले नव्हतेच. म्हणजे मी त्यांच्यावर पहारा करत होते तसे तेही माझ्यावर करत होते. मी कात्री खाली घेतली नाही.

"काय बांधून ठेवलं हे, मामाजी? औषध हाय?"

"डोळा बांधला. संत्र्याचा."

"आन माह्या अळ्या काहून मारल्या?"

ते गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू पायऱ्या उतरले. मारल्या, हे त्यांनी एका शब्दात कबूल केलं. त्यात त्यांना लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. पानं खाल्ली की खुंट उपाशी राहतो, उपाशी खुंटाची साल लाकडापासून सुटत नाही, आणि साल सुटली नाही तर डोळा बसत नाही, असं त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, मला विचारलं का नाही. ते म्हणाले, झाड म्या आणलं होतं. मी म्हटलं, वाढवलं मी. ते खाली बसले आणि त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "विहिरीपासचं झाड होतं ना, जिथं तुही सासू संत्री निवडत बसे, त्याचा हाय हा डोळा. झाडं परवा खोदली त्यायनं. आता त्या बागेचं एवढंच जितं हाय."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण राग गेला नाही, तोही तिथेच होता. आणि संशय तर मुळीच गेला नाही, कारण बागाईतदाराच्या घरात चार वर्षं काढल्यावर मला एवढं कळत होतं की एका खुंटावर दोन झाडं वाढत नाहीत. डोळा जगला तर पुढे काय, असं मी विचारलं. त्यांनी पट्टीची गाठ चाचपून पाहिली. शेवटी म्हणाले, मग वरचं छाटावं लागतं.

म्हणजे माझी जंभेरी. एवढे दिवस ते मला का सांगत नव्हते ते आता कळलं. वरच्या फांद्यांवर त्या वेळी उरलेल्या अळ्या होत्या, आणि मधल्या काडीवर रेशमाच्या धाग्याने कंबर बांधून घेतलेला एक हिरवा कोष होता. त्यांनी तोही पाहिलेला होता. तू म्हणशील तेव्हा छाटू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, कोषातून फुलपाखरू निघालं की छाटा. अळ्या मी बरणीत घेतल्या आणि काकूंच्या लिंबाची पानं मागून आणायला लागले. त्या पानं द्यायच्या आणि कशाला हवीत ते दर वेळी नव्याने विचारायच्या.

यानंतर आमच्यात समेट झाला असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी खिडकीतून जंभेरीचा शेंडा जागेवर आहे का ते पाहायची. पट्टी सोडली तेव्हा डोळा हिरवा होता, बसला होता. आता शेंडा छाटायला उशीर झाला तर डोळा न फुटता तसाच निजून जाईल, या काळजीने सासऱ्यांना जेवण गोड लागत नव्हतं. चाकू त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. पण थंडीत कोष लवकर उघडत नाहीत. मी मुद्दाम वेळ काढते आहे, कोष मेलेला आहे हे मला ठाऊक आहे आणि मी लपवते आहे, असं त्यांना वाटत असावं. एकदा त्यांनी नवऱ्याला तसं विचारलंही.

मग एका सकाळी त्यांनी मला अंगणातून हाक मारली. कोष फाटला होता आणि फुलपाखरू ओले, सुरकुतलेले पंख घेऊन काडीला लटकत होतं. पंख ताठ होईपर्यंत आम्ही दोघंही तिथे उभे होतो. पोळ्या राहिल्या, नवरा डबा न घेता कचेरीत गेला. जन्मभर ही जात मारली पण निघताना कधी पाहिली नव्हती, असं सासरे म्हणाले. ते उडालं आणि भिंतीपलीकडे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोड धरलं आणि त्यांनी एका झटक्यात शेंडा उतरवला. नंतर अंगणात एक हातभर काटकी उरली.

होळीच्या सुमारास डोळा फुटला. दोन पानं, मग तिसरं, तेलकट हिरवी, नखाएवढी. सासरे कोवळ्या पोराला उन्हातून न्यावं तशी त्यावर पोत्याची सावली करत. आणि एका दुपारी, आम्ही दोघंही पायरीवर बसलेलो असताना, पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू आलं, अख्ख्या अंगणात फिरलं, आणि नेमकं त्या तीन पानांवर टेकून गेलं. मधल्या पानावर अंडं होतं. सासऱ्यांचा अंगठा आणि बोट आपोआप जुळलेलं मला दिसलं. मग त्यांनी तो हात बंडीच्या खिशात घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "एका अळीनं काय होते?"

एका अळीने काय होतं ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. रात्री उठून काढतील, सकाळी काढतील, अशी मी वाट पाहत राहिले. अंडं फुटलं, अळी निघाली. सासरे रोज सकाळी जात, हात पाठीमागे बांधून तिच्याकडे पाहत आणि परत येत. पहिलं पान अर्धं गेलं. मग सगळं गेलं. ते जेवताना नेहमीपेक्षा जास्त बोलू लागले, हवापाण्याचं, महागाईचं. अगदी लहान अळी हलवली तर दगावते, म्हणून मीही थांबले होते. पण दुसरं पान कडेने कुरतडलेलं दिसलं आणि मला ते पाहवेना. त्या पहाटे ते उठायच्या आधी मी जाऊन अळी अलगद उचलली. तिने शिंगं काढली, वास सोडला. मी तिला बरणीत काकूंच्या लिंबाच्या पानावर ठेवलं, हात घाईघाईत धुतले आणि चहा टाकला.

सासऱ्यांनी कप घेतला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग वाकून वास घेतला.

"मारली का वं?"

मारली नाही, बरणीत आहे, पान खाते आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग भरलेला कप तसाच खाली ठेवला, गुडघ्यावर हात रेटून उठले, आणि बरणीत बघायला आत गेले.