गाठ नसलेलं कफन

आमच्यात माणूस गेलं की त्याला परक्याच्या हातून आंघोळ घालत नाहीत. बाईला बाईनं, पुरुषाला पुरुषानं, आणि तेही आपल्यातल्याच. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले, रेल्वेच्या नोकरीपायी शेगावला येऊन पार वऱ्हाडी झालेले. मलकापूर ते शेगाव आमची घरं मोजकीच. त्या सगळ्यांचं आजारपण आणि मयत बघायला एक मंडळ होतं, आणि त्याची प्रमुख माझी आई. प्रमुख म्हणजे काय, तर निरोप आला की चुलीवरची भाजी उतरवायची, तांब्याचा लोटा पिशवीत टाकायचा आणि मिळेल ती पॅसेंजर धरायची. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली. लहानपणी मला त्या लोट्याचा भारी राग यायचा. सणावारालासुद्धा तो आईला घेऊन जायचा.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास आमची माणसं भराभर इस्रायलला निघाली. माझा भाऊ गेला. त्यानं आम्हा दोघींना बोलावलं, माझा पासपोर्टही आला. आई हलेना. रेल्वेलायनीपलीकडे आमच्यातल्याच एका गार्डाची म्हातारी विधवा राहायची. कंबरेपासून लुळी, डोळ्यांनी अधू, मागेपुढे कोणी नाही.

"तिले शेवटचं पाणी कोण घालीन?" आई म्हणायची.

"अन् ती शंभर वर्षं जगली तर?"

"तर जगू दे. तुले जायचं असन तं जाय."

कसली जाते! सगळी बिरादरी तिकडे, अन् आम्ही एका म्हातारीच्या मरणाची वाट बघत बसलेल्या. मी नुसती कुढत राहिले.

आणि झालं भलतंच. एका शुक्रवारी सकाळी आईच गेली. छातीत कळ आली, "पाणी दे वं" म्हणाली, पाणी आणेस्तोवर संपलं होतं. शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, मग दफन करता येत नाही. वैशाखाचं ऊन. आमचे उरलेसुरले पुरुष दुपारच्या गाडीनं यायचे होते, पण आमच्यातली धडधाकट बाई माझ्याखेरीज एकही उरली नव्हती. पोटच्या पोरीनं आईला आंघोळ घालायची नाही, हा आमच्या घरचा दंडक. शेजारची माळीणवहिनी मला धरून रडत होती. "मी घालतो न बाई," म्हणाली, पण तिला हो म्हणायची माझी छाती होईना. जिनं जन्मभर सगळ्यांचं केलं, तिच्याच नशिबी हे! मी आईवर चिडले, मेलेल्या आईवर.

शेवटी मी स्टेशनवरच्या हमालांना लायनीपलीकडे धाडलं. त्यांनी म्हातारीला खुर्चीत बसवून उचलून आणलं. तिनं आधी कफन मागितलं. ते मी नुकतंच शिवून संपवलं होतं. शिवणीवरून बोटं फिरवता फिरवता ती थबकली.

"गाठ मारली वं तू?"

"मारली. दोरा निसटत होता."

"सोड. मयताच्या कापडाले गाठ नसते. तुह्या मायनं जन्मात मारली नाही."

आईनं मला हे कधी शिकवलंच नव्हतं. तुझ्यावर ही वेळ येऊ नये, म्हणायची. दातांनी ती गाठ सोडता सोडता मी हमसून हमसून रडले.

माळीणवहिनीनं पाणी उंबऱ्यापर्यंत आणून दिलं. आत मी लोटा भरून म्हातारीच्या हातात देत गेले, तोंड भिंतीकडे करून. कूस बदलायची वेळ आली तेव्हा तिच्यानं काही होईना. मग मीच आईला धरलं.

"मले काही दिसत नाही," म्हातारी म्हणाली, "तू काय करून राह्यली ते."

दिवस बुडायच्या आत आई मातीत गेली. हमाल खुर्ची उचलायला आले तेव्हा म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"तू जाशीन आता भावापाशी. मंग माह्यं कोण करीन वं?"

मी तिच्या मांडीवरचा लोटा उचलला आणि म्हटलं, "मी."

ती बरीच वर्षं जगली. माझ्या पासपोर्टची मुदत केव्हाच सरली. ती गेली तेव्हा तिला मी आंघोळ घातली, कफन शिवलं, गाठ मारली नाही. आता या लायनीवर आमच्यातली बाई मी एकटीच उरले आहे.

परवा माळीणवहिनीच्या सुनेला बोलावून बिनगाठीची शिवण दाखवली. पोरगी हसली.

"हे काऊन शिकू मी, मावशी?"

"माह्यासाठी," मी म्हणाले, आणि लोटा कुठे ठेवलाय तेही तिला दाखवलं.