धाकट्यांची उलटी आहे

साहेबांनी दोन्ही प्रिंटा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. कोपरे गुंडाळत होते, त्यावर पेपरवेट ठेवले. मग मला विचारलं, "मंगलबाई, यातली उलटी कोणती?"

मी डावीकडच्या प्रिंटवर बोट ठेवलं. तिच्यातली अक्षरं उलटी होती.

"अक्षरं उलटी आहेत ते मलाही दिसतंय," साहेब म्हणाले. "मग घर उलटं का नाही?"

समोर ज्यांची घरं होती ते दोघं भाऊ बसले होते, धाकट्याची बायको होती, दारात हबीबभाई मिस्त्री उभे होते. एवढी माणसं माझ्याकडं बघायला लागली की माझी मान खाली जाते. तेव्हाही तसंच झालं.

ही गोष्ट घरात सांगायला गेले की सगळे मध्येच हसतात आणि मी कुठपर्यंत आले होते तेच विसरते. म्हणून एकदा सलग लिहून काढते आहे.

आमचे साहेब आर्किटेक्ट. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. वाळूजला कंपन्या वाढत होत्या आणि तिथं नोकरीला लागलेली माणसं शहरात प्लॉट घेऊन घरं बांधत होती. साहेबांना कामाची कमी नव्हती. मी सोयगावकडची, चौथी शिकलेली. ऑफिसात आधी झाडलोट आणि चहा करायचे. नंतर साहेबांनी मला अमोनिया मशीनवर बसवलं.

हे मशीन आता कुठं दिसत नाही, म्हणून सांगते. घराचा नकाशा आधी एका आरपार दिसणाऱ्या कागदावर शाईनं काढतात. त्या कागदाला ट्रेसिंग म्हणतात. ती ट्रेसिंग पिवळ्या मसाल्याच्या कागदावर ठेवून मशीनमधल्या उजेडाखालून काढायची. जिथं उजेड लागतो तिथला पिवळा रंग उडून जातो. जिथं शाईची रेघ आडवी येते तिथं तो राहतो. मग तो कागद अमोनियाच्या वाफेत धरला की राहिलेल्या रेघा निळ्या होतात. झाली प्रिंट. वाफेनं डोळ्यांतून पाणी यायचं आणि पदराला वास राहायचा. पण बसून करायचं काम होतं, आणि मला आवडायचं.

इंग्रजी मला येत नव्हतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी खूण सांगितली होती, की कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ऑफिसच्या नावाची चौकट असते, ती उजव्या हाताला आली आणि अक्षरं सरळ दिसली की नकाशा सुलटा. ट्रेसिंग पालथी पडली तर चौकट डावीकडं जाते आणि अक्षरं आरशात दिसावीत तशी येतात. ती प्रिंट उलटी.

उलटी प्रिंट काही वेळा मुद्दाम काढावी लागे. शेजारी शेजारी दोन प्लॉट असले की लोक जुळी घरं बांधत. मधली भिंत दोघांची एकच. एका घरात जिना उजवीकडं, तर दुसऱ्यात डावीकडं. दोन्ही जिने मधल्या भिंतीला लागून, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे दुसरं घर पहिल्याचं आरशातलं रूप. आमचे जुने ड्राफ्ट्समन काका एक नकाशा हातानं काढायला कित्येक दिवस घेत. तोच पुन्हा उलटा कोण काढणार? ते एकच ट्रेसिंग माझ्यापुढं ठेवत आणि म्हणत, "एक सुलटी काढा, एक उलटी." उलटीतली अक्षरं वाचता येत नसत, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. हबीबभाई तर पानाच्या डब्यात एक छोटा आरसा ठेवत आणि त्यात बघून आकडे वाचत. वर मला म्हणत, "बाई, आज तबियत कैसी? उलटी हुई के नहीं?" हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला असेल की शेवटी मीही हसायला लागले.

मग काका रिटायर झाले आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यावर वैशाली म्हणून मुलगी आली. कोर्स करून आलेली, हुशार आणि अखंड बोलणारी. काकांच्या कित्येक दिवसांचं काम ती दुपारपर्यंत करायची. प्लॉटर म्हणून एक मशीन होतं, ते पेन धरून आपोआप ट्रेसिंगवर रेघा मारायचं. साहेब सुरुवातीला त्याच्यापुढं खुर्ची घेऊन बसत आणि पेन कुठून कुठं जातंय ते बघत. स्वतः मात्र कॉम्प्युटरला हात लावत नसत. प्रिंटा अजून माझ्याच मशीनवर निघत.

त्यात या दोघा भावांचं काम आलं. घर पाचोडचं, शेतीवाडी भरपूर. थोरले अण्णा गावाकडं सगळं बघायचे. धाकटे दादाराव वाळूजला कंपनीत होते. दोघांनी बीड बायपासच्या बाजूला शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते. जुळी घरं बांधायची ठरली.

त्या दिवशी वैशालीनं माझ्या टेबलावर दोन ट्रेसिंगा आणून ठेवल्या. एक अण्णांची, एक दादारावांची. साहेब वाळूजच्या एका कंपनीच्या कामाला निघाले होते. त्यांनी दोन्ही ट्रेसिंगा वरवर पाहिल्या, सह्या केल्या आणि हेल्मेट घालता घालता मला म्हणाले, "नेहमीसारख्या. एक सुलटी, एक उलटी."

मी दोन्ही ट्रेसिंगा हातात घेऊन बसले. आजपर्यंत जुळ्या घरांना एकच ट्रेसिंग येत होती. या वेळी दोन कशा? दोन्हीतली अक्षरं सरळ, दोन्हीत चौकट उजवीकडं. म्हणजे माझ्या खुणेप्रमाणं दोन्ही सुलट्या. मग उलटी कोणती काढायची?

मला कुणाला काही विचारायला जड जातं. तरी उठले आणि वैशालीजवळ गेले. ती पडद्याकडं बघत होती.

"ताई, यातली उलटी कोणती?"

"धाकट्यांची उलटी आहे," ती म्हणाली.

माझं समाधान झालं. अण्णांची सुलटी काढली. दादारावांची ट्रेसिंग पालथी घातली आणि उलटी काढली. दोन्ही प्रिंटा हबीबभाईंकडं गेल्या.

अण्णांचं घर आधी सुरू झालं. ते जोत्यापर्यंत आल्यावर दादारावांचा पाया आखला. साहेब तेव्हा वाळूजच्या कामात इतके अडकले होते की आखणीला गेले नाहीत. हबीबभाईंनी आरशात बघून आकडे घेतले, चुना टाकला, खड्डे खोदले. काही खड्ड्यांत काँक्रीटही पडलं.

मग एके दिवशी दादारावांची बायको सुनंदाताई साइटवर गेल्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुठं, असं त्यांनी विचारलं. हबीबभाईंनी कागद बघून हात केला. तो हात थेट थोरल्यांच्या भिंतीकडं होता. सुनंदाताईंनी दुसऱ्यांदा विचारलं. हात तिकडंच.

दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसात. सुनंदाताईंना वाटत होतं की थोरल्यांनी मुद्दाम मोकळी बाजू स्वतःकडं घेतली. दीर समोर बसलेले होते, म्हणून त्या डोक्यावरचा पदर सारखा करत साहेबांशीच बोलत होत्या, पण ऐकवत होत्या दिरांना. "आमची काय तक्रार नाय, साहेब. जाऊबाईंना वारं, उजेड लागतो. मी आपली भिंतीकडं तोंड करून भाकरी थापते. आवाज आला तर समजंल, तिकडं काय शिजायलंय ते."

अण्णा खाली बघून म्हणाले, "साहेब, मी काय सांगितलं असंल तर आत्ता तोंडावर सांगा. नायतर भाऊ आयुष्यभर मला नावं ठेवील." दादाराव काहीच बोलत नव्हते. ते बोलत नव्हते हेच अण्णांना लागलं होतं.

तेव्हा साहेबांनी प्रिंटा पसरल्या आणि मला तो प्रश्न विचारला.

मी सुरुवातीला लिहिलंय तेच झालं. एका प्रिंटमधली अक्षरं सरळ, एकीतली उलटी. पण दोन्हीत जिना उजवीकडं. घरं अगदी सारखी. साहेबांनी एक प्रिंट उचलून खिडकीसमोर धरली, फिरवली, पुन्हा ठेवली. अक्षरं उलटी झाली की घर उलटं होतंच. आजपर्यंत तसंच होत आलं होतं. साहेब हबीबभाईंवर चिडले, की तुम्हाला दिसलं नाही का. हबीबभाई म्हणाले, "मेरेकू लगा सेठ लोगां ने ऐसाच मंगाया. कागद पे साहब की सही है, मैं कौन बोलनेवाला?"

मग साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही अण्णांचीच ट्रेसिंग दोनदा घातलीत."

मी मानेनं नाही म्हटलं. पण म्हणताना मला खात्री नव्हती. घातली असेल का? दोन्ही ट्रेसिंगा माझ्या हातात होत्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी घातली असती तरी मला कळलं नसतं.

"तसं असेल तर उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. "प्रिंटा बाहेरून काढून आणू."

मी तिथंच उभी राहिले. बाहेर जावं की थांबावं, ते कळेना. माझं जे होतं ते सगळं त्या मशीनवर होतं. बसून करायचं दुसरं कुठलंच काम मला कुणी दिलं नसतं.

आवाज वाढलेला ऐकून वैशाली आतून आली. तिनं उलटी प्रिंट पाहिली आणि विचारलं, "ही अशी का काढली? धाकट्यांची ट्रेसिंग तर मी उलटी करूनच दिली होती."

"उलटी कुठं?" साहेब म्हणाले. "मी स्वतः सही केली. अक्षरं सरळ होती."

"अक्षरं सरळच राहतात, सर. कॉम्प्युटरला सांगून ठेवलं की घर तेवढं उलटं होतं."

साहेबांनी तिला आणखी एकदा सांगायला लावलं. मग कपाटातून दोन्ही मूळ ट्रेसिंगा काढून खिडकीच्या काचेला लावल्या. एकीत जिना उजवीकडं, एकीत डावीकडं. दोन्हीत अक्षरं सरळ. साहेबांनी दोन्ही जिन्यांवर बोट ठेवून पाहिलं. मीही बघत होते. मला घर आणि अक्षरं वेगवेगळी होऊ शकतात हेच पटत नव्हतं. एकाच कागदावर आहेत, तर एकाला सोडून दुसरं कसं वळेल?

"हे तू बाईंना सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"सांगितलं ना. त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, धाकट्यांची उलटी आहे."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मग?"

"म्हणून तर उलटी काढली," मी म्हणाले. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

वैशालीनं तोंडावर हात ठेवला. पहिल्यांदा सुनंदाताई बोलल्या. "म्हंजे भाकरी उलटली, अन् परत उलटली. मग पहिलीच बाजू वर येणार की, दुसरं काय व्हईल?"

हबीबभाई दारात हसायला लागले. मग अण्णा. दादाराव हसले नाहीत, पण उठून अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. सुनंदाताईंनी अण्णांकडं न बघता म्हटलं, "मी आपलं बोलून गेले." अण्णा म्हणाले, "बोलणारच की. भिंतीकडं तोंड करून कुणी भाकरी थापंल व्हय?"

जे खड्डे बदलायचे होते ते साहेबांनी आपल्या खर्चानं बुजवून नव्यानं खोदून द्यायचं कबूल केलं. हबीबभाईंनी मोडतोड कुठं कुठं करायची ते विचारून घेतलं. सगळे चहा घेऊन गेले. पण मी उद्या यायचं की नाही, हे कुणी सांगितलं नाही. साहेब म्हणाले होते, तसं असेल तर येऊ नका. तसं नव्हतं. पण उलटीची उलटी मीच काढली होती, त्याचं काय?

रात्री नवऱ्यानं सांगितलं, जाऊन बघ. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले आणि दारात उभी राहिले. साहेबांनी मान वर न करता एक ट्रेसिंग पुढं केली. "मंगलबाई, हिच्या तीन प्रिंटा."

मी ती घेतली आणि जागेवरच थांबले. "सुलट्या का, साहेब?"

साहेबांनी मान वर केली. ट्रेसिंगकडं पाहिलं, वैशालीच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "जशी आहे तशी."

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात सुलटी आणि उलटी हे दोन्ही शब्द बंद झाले. ट्रेसिंग आली की मी जशी आहे तशी काढायची. हबीबभाईंना एक विनोद कमी झाला आणि आरसा परत दाढीच्या सामानात गेला. पुढं मोठा प्लॉटर आला, तो सरळ कागदावरच प्रिंट द्यायला लागला. माझ्या मशीनवर त्याचे कागदाचे रोल ठेवायला लागले. मला वैशालीनं प्लॉटरचं बटण दाबायला शिकवलं. वाफ नाही, वास नाही. काम तेच, पण आत काय होतं ते मला सांगता येत नाही.

दोघा भावांच्या वास्तुशांतीला आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. मी आधी अण्णांच्या घरी पाया पडले, पाणी प्यायले. मग शेजारी दादारावांच्या घरी गेले. सुनंदाताईंनी आतून हाक मारली तशी मी अण्णांच्या घराच्या सवयीनं डावीकडं वळले आणि जिन्याला धडकले. स्वयंपाकघर उजवीकडं होतं. खिडकी उघडी होती आणि बाहेर मोकळं रान दिसत होतं. सुनंदाताई म्हणाल्या, "बाई, तुम्हीच गडबडल्या, तर आम्ही काय करावं?"

यातलं सुलटं घर कोणतं आणि उलटं कोणतं, हे मी परत येताना वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही सुलटीच आहेत." मी बरं म्हटलं. खरं तर मला अजून एक प्रश्न विचारायचा होता, की दोन्ही सुलटी तर मग मी जिन्याला का धडकले. त्या घोटाळ्यातून मी शिकले ते एवढंच, की पहिल्या उत्तरानं समाधान झालं तरी दुसरा प्रश्न विचारावा. तेवढ्यात तिची बस आली.