डोळा तेवढा राहिला

मिलिंद गेल्याचं मला रांजणगावला कंपनीच्या गेटवर कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. दौंडच्या दवाखान्यात हार्ट अ‍ॅटॅकनं गेला. दोन वर्षं मी त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो... का, ते कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

आम्ही मांडवगणचे, एकाच शिफ्टला, एकाच मोटरसायकलवर. सुट्टीच्या दिवशी तो तळहाताएवढ्या कागदावर जुन्या लघुचित्रांसारखी चित्रं काढी. गोवर्धन, कालियामर्दन, गाईच गाई. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, आणि श्वास रोखून बसणं. घर बौद्ध. थोरला भाऊ चिडायचा, "आपण देव सोडलं, आन् तू किसना काढतूस व्हय?" मिलिंद म्हणायचा, "मी देव न्हाई, चित्र काढतो." पण तो शब्द त्याला लागला असावा. त्या चित्रांतले चेहरे बाजूनं दिसणारे, म्हणजे चेहऱ्याला एकच डोळा. गवळणींचे, वासरांचे डोळे तो काढी. कृष्णाचा कोरा ठेवून ब्रश माझ्या हातात देई. "डोळा भरला की देव व्हतो. त्यो तुझा. तू भर." मी ठिपका द्यायचो. माझी कला तेवढीच.

पुढं त्याचं गोवर्धनाचं चित्र गावच्या देवळाच्या मंडपात लावायला द्यायचं आम्ही ठरवलं. देवळाचं सगळं बघणारे आप्पा म्हणाले, "झ्याक हाय. कुणी काढलं रं?" मिलिंद पायरीशी उभा होता. मी म्हणालो, "मी." त्याचं नाव घेतलं तर चित्र परत येईल, अशी भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, मिरवायचंही होतं. चित्राखाली माझं नाव लागलं. परतताना मागं बसून तो एवढंच म्हणाला, "माझं नाव सांगितलं असतंस, तर लावलं नसतं त्यांनी." त्यानं मला मोकळं केलं, आणि मी मात्र लाजेनं शिफ्ट बदलून घेतली.

तो वारल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी ट्रंकेतून एक चित्र काढलं. यमुनाकाठ, गाई, कदंबाचं पान न् पान रंगवलेलं. कृष्णाचा डोळा कोरा. "दोन वर्सं असंच हाय, भाऊजी. मी म्हनायची, तुमीच टाका की ठिपका. तर म्हनायचे, त्यो यील की..."

चित्र आता माझ्या टेबलावर आहे, शेजारी तो ब्रश. आधी मंडपात जाऊन चारचौघांत आप्पांना खरं सांगायचं, मगच डोळा भरायचा, असं ठरवून महिना झाला. डोळा अजून कोराच आहे.