झाल्याचा निरोप

सकाळी चहा घेताना मोबाइलवर दोन निरोप एकाखाली एक दिसतात. एक ऑफिसच्या सर्व्हरचा, "मेलचा बॅकअप झाला." दुसरा गावाहून आईचा, झेंडूचं फूल आणि शुभ सकाळ.

बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मीच लिहिलेली. आधी तिला बजावलं होतं, काही चुकलं तरच कळव. ती आठ दिवस गप्प होती आणि मी खुशीत. मग कळलं, सर्व्हर बंद करून पुन्हा लावल्यापासून ती चालूच झाली नव्हती. तक्रार करणार कोण? नशीब, त्या दिवसांत कुणाचं मेल हरवलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, म्हणूनच पोचल्यावर फोन कर म्हणते ना मी! फोन आला नाही म्हणजे सुखरूप, असं कुठे असतं?"

तेव्हापासून स्क्रिप्ट रोज कळवते. चुकलं तर काय चुकलं ते, नाहीतर नुसतं 'झाला'. आणि आईचं जे फूल वर्षभर रोज न उघडताच पुसून टाकत होते, ते आता मी आधी बघते. आई उठली, चष्मा सापडला, सगळं ठीक आहे.

आज मीही तिला एक फूल पाठवलं, पहिल्यांदाच. लगेच फोन वाजला.

"काय गं, बरी आहेस ना?"