खांडबाऱ्याची डिंकवाली

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा खांडबाऱ्याच्या बाजारात डोंगरातली एक बाई डिंक विकायला बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पोर छातीला लावूनच ती डिंक तोलायची, गिऱ्हाइकांशी भांडायची आणि मोठ्यानं हसायची. आम्हा पाटलांच्या सुनांनी डोक्यावरचा पदरही ढळू द्यायचा नाही, तिथं चारचौघांत पाजणं लांबच.

एकदा बाजारात तिच्या डिंकाच्या टोपलीपाशीच माझं तान्हं भुकेनं रडून लाल झालं. सासूबाई म्हणाल्या, "घर जाईसन पाज. लोके देखी ऱ्हायनात."

डिंकवाली म्हणाली, "लोकस्नं पोट भरेल शे, पोरनं नही." आणि माझं पोर ओढून स्वतःच पाजायला निघाली.

"ए बाई, मन्हा नातूले तुन्हं दूध नको!" सासूबाई किंचाळल्या, आणि माझ्यावर खेकसल्या, "देखस काय? बस आठेच, पाज!" लाजेपेक्षा विटाळ मोठा निघाला.

मी टोपलीशेजारी बसले. सासूबाई पदर पसरून आडव्या उभ्या राहिल्या. डिंकवालीनं आत डोकावून म्हटलं, "माय, पोरले वारा तरी लागू दे!" आम्ही तिघीही हसलो.

त्यानंतर दर बाजाराला मी तिच्याशेजारीच बसून पाजलं, आणि सासूबाई पदर धरून तिच्याशी डिंकाचा भाव करत राहिल्या.