आरपार जाणारी फुंकर

टीचर आधी काडी तोंडाला लावून फुंकायच्या. दुसऱ्या टोकाशी धरलेल्या तळव्याला वारा लागला की चिडून म्हणायच्या, "बघ, ह्याने काहीच कळत नाही!"

दुबईत जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामात चीनहून सुकवलेल्या औषधी मुळ्या आणि काड्या यायच्या. त्या ओळखायचं काम टीचरांचं, कागदपत्रं माझी. वसईला त्यांनी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, म्हणून इथेही त्या टीचरच. आवाज वर्गातलाच. त्या ओरडल्या की फोर्कलिफ्टवालासुद्धा गाडी बंद करायचा.

त्यांचा खरा राग नावांवर. एका वेलीबद्दल जुन्या चिनी ग्रंथात म्हटलंय की खोडाला बारीक भोकं असतात, एकीकडून फुंकलं की वारा दुसरीकडून निघतो. पुढे त्याच नावाने वेगवेगळ्या वेली विकल्या गेल्या, आणि वारा सगळ्यांतूनच जातो. त्यांतली एक माणसाची किडनी कायमची निकामी करते.

"आपल्याकडे नाही का दोन झाडांना ब्राह्मी म्हणत? तसंच. पण इथे चुकलं तर माणूस जातो रे! नाव राहू दे, काप दाखव." मग काडी आडवी कापून भिंगाखाली धरायच्या.

एकदा चाळीस पोती आली. काप बघितला आणि टीचर लालबुंद झाल्या. तीच विषारी वेल. माल बरोबर असल्याच्या दाखल्यावर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. मॅनेजरने त्यांच्यासमोर काडी फुंकून दाखवली.

"टीचर, किताब में यही लिखा है ना? हवा जा रही है. खलास, साइन करो."

"किताब लिखनेवाले के पास लेन्स नहीं था. मेरे पास है."

त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. तोच दाखला माझ्यापुढे आला. त्या मॅनेजरची मला आजही चीड येते, पण त्याहून जास्त माझी स्वतःची येते. व्हिसा रिन्यू व्हायचा होता, मुलगी शाळेत होती, ही कारणं मला अजून तोंडपाठ आहेत. मी सही केली. पोती गेली. ती कुणाच्या पोटात गेली, मला माहीत नाही.

टीचर सामान न्यायला आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता झाडतील. झाडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"फुंकून तरी बघितलंस का रे?"

मी फुंकूनही बघितलं नव्हतं.